अंतराळातली नळी आणि मंगळवारचं ताक

तुमच्या आईनं तुम्हांला एवढंच सांगितलं आहे की आजीनं मामीचा प्रयोग बिघडवला. वाक्य बरोबर आहे, पण अपुरं आहे. काय बिघडवलं, कसं बिघडवलं आणि बिघडवताना किती टापटीप राखली, हे क्रमानं लिहून ठेवलेलं बरं. तुम्ही पुण्यात आणि मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये. समोर बसून गोष्ट सांगितली असती तर सोयीचे भाग तेवढे सांगून मी मोकळी झाले असते. कागदावर मला तसं करता येत नाही, कारण पस्तीस वर्षं मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवलं आणि मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या.

माझी लाल पेन्सिल शाळेत प्रसिद्ध होती. 'निरीक्षण कुठे आहे?', 'निष्कर्ष निरीक्षणाच्या आधी कसा आला?' असे शेरे मी मारत असे. पुस्तकातलं उत्तर आधी लिहून मग मागे मोजमापं भरणाऱ्या एका मुलीला मी सबंध वही पुन्हा लिहायला लावली होती. ती मुलगी म्हणजे तुमची आई. तेव्हा ती आता फोनवर जरा जास्तच आनंदानं बोलत असेल तर ते मी समजू शकते.

तुमच्या मामाकडे राहायला आले तेव्हा मी पहिल्या आठवड्यात मसाल्याच्या डब्यांना इंग्रजी लेबलं लावली आणि डबे आद्याक्षरांप्रमाणे ओळीनं मांडले. त्यामुळे हिंग 'ॲसाफेटिडा' होऊन फळीच्या एका टोकाला गेला आणि हळद 'टर्मरिक' होऊन दुसऱ्या टोकाला. मामा म्हणाला, "आई, तेल तापलं की मला लायब्ररीत फिरून यावं लागतं." मामीनं हिंग-हळदीची एक वेगळी डबी करून गॅसपाशी ठेवली आणि ती मला दिसली नाही असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

मामी मूळची नागपूरची. तिचं शिक्षण भाजलेल्या मातीच्या वस्तूंचं, म्हणजे सिरॅमिकचं. इथे ती एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी करत होती. ग्रीन कार्ड हातात आलं त्याच महिन्यात तिनं ती नोकरी सोडली, कारण व्हिसावर असताना स्वतःची कंपनी काढण्याचा विचार नुसता मनात ठेवावा लागतो. तिनं तो सात वर्षं मनात ठेवला होता.

इथली सरकारी अंतराळ संस्था जे काही शोधून काढते, त्यातल्या पुष्कळ गोष्टींची यादी ती सगळ्यांसाठी उघडी ठेवते. यानासाठी केलेलं काम जमिनीवर कोणाच्या उपयोगी पडत असेल तर त्यानं अर्ज करावा, योजना दाखवावी आणि लायसन्स घ्यावं. हे मला प्रथम कळलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी मोठा माणूस मोठी गाडी घेऊन येईल, कागदावर शिक्का असेल. प्रत्यक्षात एक ईमेल आली आणि मामीनं ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली. मी मात्र त्याच दिवशी पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं, "आमची सून आता अंतराळ संस्थेचं काम करते." ती म्हणाली, "म्हणजे वर जाणार?" मी म्हटलं, "अजून तसं ठरलेलं नाही." हे खोटं मी अजून दुरुस्त केलेलं नाही. तुम्ही केलंत तरी चालेल.

मामीनं घेतलेली वस्तू म्हणजे एक नळी. अंतराळात झाड लावायचं तर पंचाईत अशी की पाणी खाली पडतच नाही. ते मुळांभोवती गोळा होऊन बसतं, नाहीतर भलतीकडेच राहतं. मग मुळं एक तर बुडतात किंवा वाळतात. म्हणून तिथल्या लोकांनी भाजलेल्या मातीची एक नळी केली, जिला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आहेत. पाणी नळीच्या आत राहतं. मुळं नळीला बिलगतात आणि लागेल तेवढंच पाणी छिद्रांतून ओढून घेतात. कोणी घालायचं नाही, कोणी थांबवायचं नाही.

मामीचं म्हणणं होतं की हीच नळी कुंडीत बसवली आणि कुंडीला काचेची छोटी टाकी जोडली, तर शाळेत मुलांना झाड किती पाणी पितं ते डोळ्यांनी दिसेल. जवळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना ही कल्पना आवडली होती. पण एका शाळेवर कंपनी उभी राहत नाही. घराघरांत जाईल असं काहीतरी हवं होतं, आणि ते मामीनं शोधलं होतं.

"आई, शिकागोच्या आसपास प्रत्येक देशी घरात एक कढीपत्ता असतो," ती मला म्हणाली. "उन्हाळ्यात बाहेर, हिवाळ्यात आत. आणि फेब्रुवारीपर्यंत तो मरतो. काही लोक जास्त पाणी घालून मारतात, काही लोक सुट्टीला इंडियाला जाऊन मारतात. जो माणूस या लोकांचा कढीपत्ता जगवून दाखवेल, त्याचं चाललं."

लायसन्सला एक अट होती. ठरलेल्या मुदतीत वस्तू खरोखर उपयोगात आणून दाखवायची, नाहीतर लायसन्स परत. मुदत वसंत ऋतूपर्यंत होती. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या बैठकीच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीपाशी सहा कुंड्या आल्या, तिनात कोथिंबीर आणि तिनात कढीपत्ता. उजेडानं पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून टाक्यांच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला होता; पातळी झाकण उघडून पट्टीनं मोजायची. मामी दिवसभर तळघरात भट्टीवाल्यांशी, साच्यांशी आणि कागदांशी झुंजत असायची. रोजची निरीक्षणं आणि टाक्या भरणं कोणी करायचं हा प्रश्नच नव्हता. मी नवी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पानांची संख्या, उजेड, शेरा. वापराच्या सूचनांचं इंग्रजीही मीच तपासलं. त्यात तिसरी सूचना होती की कुंडीत वरून काहीही घालू नये. तिथला स्वल्पविराम माझा आहे.

कढीपत्त्याची रोपं आली होती इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका डॉक्टरीणबाईंकडून. चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या, आता निवृत्त. त्यांच्या घरातला कढीपत्ता छताला टेकून वळला आहे आणि त्याच्या बुंध्याला त्यांनी पंचा गुंडाळून ठेवला आहे. तिन्ही फुटवे त्यांनी ओल्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि डॉक्टरच्याच आवाजात विचारलं,

"ताक देणार आहात ना?"

"ताक?"

"अहो, कढीपत्त्याला आंबट ताक लागतं. दर मंगळवारी एक वाटी, पाण्यात पातळ करून. डोस चुकवू नका. चुकवलात तर मला फोन करू नका."

मी नुसती मान हलवली. डॉक्टरांपुढे माझी जन्मभर हीच सवय आहे. शिवाय खरं सांगायचं तर माझी आईसुद्धा ताकाचं भांडं विसळून ते पाणी कढीपत्त्याला घालायची. मला त्यात नवीन काही वाटलं नाही, आणि जे नवीन वाटत नाही ते लिहून ठेवावं असंही मला वाटलं नाही.

पहिला मंगळवार आला. मी ताक केलं, पाणी घातलं, गुठळ्या जाऊ नयेत म्हणून मलमलच्या फडक्यातून गाळलं. कुंडीपाशी गेले आणि तिसरी सूचना आठवली. वरून काहीही घालू नये. आता सूचना म्हणजे सूचना. ती मीच तपासलेली. दुसरी कोणी बाई असती तर तिनं इकडेतिकडे बघून ताक मातीत ओतलं असतं आणि फार बिघडलं नसतं. मी ते टाकीत ओतलं. टाकीचं झाकण उघडायचं असतं, त्यात द्रव भरायचा असतो, सगळं नियमात बसत होतं. तीन टाक्या, तीन वाट्या. झाकणं लावली, फडक्यानं कडा पुसल्या आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'समाधानकारक'.

असे सहा मंगळवार गेले.

तुम्ही विचाराल की वास कसा आला नाही. आला. मामा एकदा म्हणाला, "घरात काहीतरी आंबट येतंय." पण आमच्याकडे हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगावं म्हणून ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवलेलं असतं, त्यामुळे आंबट वासाची चौकशी या घरात कोणी पुढे नेत नाही. मीही म्हटलं, "पीठ असेल." तेव्हा मला तसं खरंच वाटलं होतं.

चौथ्या आठवड्यात कढीपत्त्याच्या टाक्यांमधली पातळी उतरायची थांबली. मी रोज वहीत लिहीत होते, 'बदल नाही'. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात जरा कौतुकही वाटत होतं की झाड किती काटकसरीनं पितं आहे. पाचव्या आठवड्यात पानं पिवळी पडली. कोथिंबीर मात्र तिन्ही कुंड्यांत हिरवीगार. तिला डॉक्टरीणबाईंनी काही लिहून दिलेलं नव्हतं.

मामी वही घेऊन बसली. सगळ्या कोथिंबिरी चांगल्या, सगळे कढीपत्ते वाईट, एकही अपवाद नाही. एखाद्या अव्यवस्थित बाईनं हे काम केलं असतं तर ती एखादा मंगळवार विसरली असती, एखाद्या कुंडीत कमी घातलं असतं, आणि आकडे वेडेवाकडे आले असते. मग मामीला शंका आली असती. माझी लुडबुड इतकी शिस्तशीर होती की ती थेट निसर्गनियमासारखी दिसत होती.

तिनं नळ्या बदलून पाहिल्या. मी नव्या नळ्यांच्या टाक्यांतही मंगळवारी ताक घातलं. तिनं भट्टीचं तापमान बदलायला लावलं, गाळलेलं पाणी वापरलं, दिवे खाली-वर केले. एकदा वरणभात कालवता कालवता मध्येच थांबून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. मला ते दिसत नाहीये." मी तिला तूप वाढलं.

शेवटी एका गुरुवारी तिनं एक नळी फोडली. आतून पांढरा थर होता. ती म्हणाली, "कॅल्शियम असेल. लाकडी मुळं हळू ओढतात, पाणी साचून राहतं, क्षार बसतात. म्हणजे ही नळी झुडपांना चालतच नाही, आई. कोथिंबिरीला चालेल, पण कोथिंबिरीसाठी कोण घेणार? ती दुकानात जुडीनं मिळते."

मी तो तुकडा हातात घेतला. सबंध आयुष्य मी दुधातुपाची भांडी घासली आहेत. नखानं खरवडलं तर तो थर चुन्यासारखा भुरभुरला नाही, चिकटला. नाकाशी न्यायचीही गरज नव्हती. मी तुकडा ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "मी जरा पडते." दुपारचे तीन वाजले होते. मी दुपारी कधीही पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. त्याच सुमारास मामीच्या जुन्या कंपनीनं तिला परत बोलावलं होतं. तिचीच जुनी खुर्ची, तिचीच माणसं. उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत हवं होतं. होय म्हटलं तर लायसन्स परत करायचं आणि सात वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आवरून टाकायची. नाही म्हटलं तर हातात तीन पिवळे कढीपत्ते. मामा तिला म्हणत होता, "तू ट्राय केलंस यार, तेवढं पुरे आहे." तिच्या पुढ्यात होती माझी वही, आणि त्या वहीत सहा आठवडे ओळीनं 'समाधानकारक'.

मला गुरुवारी कळलं होतं. मी शुक्रवारीही बोलले नाही. शुक्रवारी मी मसाल्यांची लेबलं नव्यानं लिहिली.

शनिवारी सकाळी मामीनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. अंतराळ संस्थेच्या लायसन्सच्या कचेरीला लिहिलेलं पत्र होतं. तिची पत्रं मी नेहमीच तपासत असे. तिनं लिहिलं होतं की प्रयोगांवरून ही नळी खोडाच्या झाडांना उपयोगी पडत नाही असं दिसतं, घरगुती वापराची योजना पुढे नेता येणार नाही, तरी लायसन्स परत करण्याची रीत कळवावी. पत्र सभ्य होतं. त्यात एकच व्याकरणाची चूक होती. मी लाल पेन्सिल घेतली, ती चूक सुधारली, आणि मग हात पुढे जाईना. 'प्रयोगांवरून असं दिसतं' या शब्दांवर मी किती वह्या परत पाठवल्या असतील.

तोंडानं बोलायचं धैर्य मला झालं नाही हे लिहून ठेवते. मी समासात इंग्रजीत लिहिलं: निष्कर्ष निरीक्षणांशी जुळत नाही. निरीक्षकानं दर मंगळवारी टाकीत ताक घातलं होतं.

मग कागद तिच्याकडे सरकवला आणि कपबशा आवरायला उठले.

"आई."

"हं."

"बसा."

मी बसले. तिनं ते दोनदा वाचलं.

"किती?"

"एकेका टाकीत एक वाटी. पाण्यात पातळ करून. गाळून."

"गाळून," ती म्हणाली. "मीठ?"

"मीठ कशाला घालीन? झाडाला मीठ चालत नाही."

"मग जिरं तरी घालायचं होतं. मी इकडे सिरॅमिकमध्ये फॉल्ट शोधतेय आणि टाकीत मठ्ठा."

मामा कॉफी घेऊन जिन्यावरून खाली येत होता. तो तिथेच पायरीवर हसायला लागला. मामी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू वर जा." तो गेला.

मग ती माझ्याशी जे बोलली ते मोठ्या आवाजात नव्हतं. "आई, ताकाचं मी काही म्हणत नाही. माझी आजीसुद्धा घालायची. पण इतके दिवस मी स्वतःला नालायक समजत होते. तुमच्यासमोर बसून म्हणत होते. तुम्ही ऐकत होतात."

मी म्हटलं, "तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गुरुवारी कळलं."

"आज शनिवार आहे."

ती कोट चढवून बाहेर गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. बर्फ सारलेल्या पायवाटेनं ती कोपऱ्यापर्यंत जायची, वळायची आणि परत यायची. घरात यायची नाही. असं बराच वेळ चाललं. मी पत्रातलं व्याकरण पुन्हा एकदा पाहिलं. बरोबर होतं.

आत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. तिनं कोट काढला, माझी वही समोर ठेवली, पेन दिलं आणि म्हणाली, "आता सगळं लिहा. ताकाशिवाय आणखी काय काय केलंत? विचार करून लिहा. शुक्रवारी मला होय-नाही सांगायचंय आणि माझ्याकडे तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काहीही नाहीये."

इथे मी तुम्हांला एक सांगते. रागावलेल्या माणसासमोर बसणं सोपं असतं. पण जिला आपण फसवलं ती आपल्यालाच साक्षीला बोलावते, तेव्हा खुर्चीत नीट बसता येत नाही. मला वाटलं होतं, ताक एवढं एकच. लिहायला बसले तर यादी वाढत गेली. पिवळी पानं मी मोजण्याच्या आधी खुडत होते, कारण ती वाईट दिसत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून कुंड्या एक दिवस जिन्याखाली सरकवल्या होत्या, आणि त्या दिवसाचा उजेड वहीत नेहमीइतकाच लिहिला होता. मधल्या कढीपत्त्याला मी एकदा हीटरच्या झरोक्याजवळ नेलं, तो मला गारठल्यासारखा वाटला म्हणून. एका रविवारी निरीक्षण करायचं राहिलं, तर सोमवारी दोन्ही दिवसांचं लिहिलं, वेगवेगळ्या शाईनं.

"वेगवेगळ्या शाईनं?" मामीनं विचारलं.

"खरं वाटावं म्हणून."

ती खुर्चीत मागे टेकली आणि मग पहिल्यांदा हसली. चांगलं हसली नाही, पण हसली. "आणि तुम्ही ताईंना वही पुन्हा लिहायला लावली होती ना?"

"तिला हे सांगू नकोस."

"सांगणार आहे."

मग तिनं माझी यादी पुढ्यात घेतली आणि प्रत्येक ओळीवर मला प्रश्न विचारले. कोणत्या तारखेला, किती वेळ, कुठल्या कुंडीला. मी शाळेत कधी इतकी कसून तोंडी परीक्षा घेतली नव्हती. तासाभरानं ती म्हणाली, "बाकीच्या सगळ्यानं पानं गळतील, पण नळी बंद होणार नाही. नळी ताकानंच बंद झाली. म्हणजे नळी खोडाच्या झाडाला चालते की नाही, हे आपल्याला अजून ठाऊकच नाहीये."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे ठाऊक नाही, आई."

त्या आठवड्यात तिनं दुसरं पत्र लिहिलं. त्यात मुदत वाढवून मागितली होती आणि कारण स्पष्ट दिलं होतं. मसुद्यात माझा उल्लेख 'एक वयस्कर वापरकर्ती' असा होता. मी 'वयस्कर' खोडलं. तिनं ते परत लिहिलं. मी म्हटलं, "वयाचा इथे संबंध नाही." ती म्हणाली, "मग काय लिहू, निवृत्त विज्ञान शिक्षिका?" मी 'वयस्कर' तसंच राहू दिलं.

शुक्रवार आला तेव्हा कचेरीचं उत्तर आलेलं नव्हतं. मामी तळघराच्या दारापाशी उभी राहून फोनवर बोलत होती. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते आणि ऐकू येत नाही असं दाखवत होते. इंग्रजीत तिनं आभार मानले, मग म्हणाली की नाही, ती येऊ शकणार नाही. पलीकडून बहुधा कारण विचारलं गेलं. ती म्हणाली, एक प्रयोग अर्धवट राहिला आहे. फोन ठेवून ती आत आली आणि मेथीची एक काडी उचलून पानं खुडायला लागली.

"नाही म्हटलं," ती म्हणाली.

"नळी नाहीच चालली तर?"

"तर मग मे महिन्यात मी घरी बसेन आणि तुम्ही मला रोज ताक द्याल."

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत वाढवली होती. अट एकच, की या वेळी निरीक्षण कुटुंबाबाहेरच्या कोणीतरी करावं. मी ते वाचून म्हटलं, "योग्य आहे." आणि खरंच तसं वाटलं, फक्त ते तिसऱ्यांदा वाचताना वाटलं.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई वर्गात कुंड्या ठेवायला तयार झाल्या. मी डॉक्टरीणबाईंकडून तीन नवे फुटवे आणले. त्यांना घडलेलं सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टाकीत कोणी घालतं का? औषध योग्य होतं, तुम्ही चुकीच्या मार्गानं दिलंत." त्यांना त्यात आपली काही चूक दिसली नाही आणि मीही दाखवायला गेले नाही.

मामीनं नव्या नळ्या बसवल्या, गाडीत मागच्या सीटला पट्टा लावून कुंड्या शाळेत नेऊन ठेवल्या. मुलं रोज पातळी मोजणार होती. बाई सांगत होत्या की रोप नव्या जागी रुळेपर्यंत ते पाणी ओढत नाही, धीर धरा. पहिल्या आठवड्यात पातळी होती तिथेच. मामी रोज साडेतीनला, शाळा सुटल्यावर, बाईंच्या मेसेजची वाट बघायची. मेसेज यायचा, 'बदल नाही'. हेच दोन शब्द मी किती सहज लिहीत होते. आता तेच आले की मी ओट्यावर काहीतरी पुसत बसायची.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मेसेजऐवजी बाईंचा फोन आला. मामी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिनं ऐकून घेतलं, "आर यू शुअर?" असं विचारलं, आणि मग तिन्ही कुंड्यांचे आकडे हातावर लिहून घेतले, कारण कागद शोधायला उठावं लागलं असतं. फोन ठेवून तिनं तो हात माझ्यापुढे धरला. तिन्ही टाक्यांमधली पातळी उतरली होती, तिन्हींत थोडी वेगवेगळी. खऱ्या झाडांची उतरते तशी.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. माझे गुडघे तितके वाकत नाहीत, तरी बसले. म्हटलं, "चहा टाकते."

"नको," ती उठत म्हणाली. "तुम्ही बसा. मी टाकते."